भूपात मध्यम कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पेटी वाजवते, गाते आणि कवितांना चाली लावते. फोनमध्ये दीडशेच्या वर चाली साठल्यात. मुलाने लॅपटॉपवर संगीताचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. 'नदीच्या किनारी उभी एकटी मी, तुझी वाट पाहून डोळेच थकले' या माझ्याच ओळी, चाल भूप रागात. केरव्याचा तयार ठेका लावला तर पहिली ओळ बसते, दुसरी घसरते. एक बटण दाबून कॉर्ड लावले, तेव्हापासून चाल दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. गायलेल्यावरून स्वर लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरने मध्यम आणि निषाद दाखवले. मी तर ते लावतच नाही. चुकतंय कोण, मी की कॉम्प्युटर? कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? आणि चालच करून देणारे एआय निघालेत, ते वापरावेत का?"

ताई, तुम्ही चुकत नाही आहात. कॉम्प्युटरही त्याच्या हिशेबाने चुकत नाही. मी गेली २२ वर्षं संगीत संयोजनाचं काम करतो, बहुतेक अभंग, भावगीतं आणि नाटकांची गाणी. तुमच्या तिन्ही तक्रारी मी स्वतः भोगल्या आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, नवं गाणं सुरू करा. पान कोरं दिसतं, पण कोरं नसतं. बहुतेक ठिकाणी लय १२० ठरलेली असते, ताल चार मात्रांचा असतो, षड्ज पांढरी एक धरलेला असतो आणि सप्तकाचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तुम्ही एकही सूर लावण्याआधी हे चार निर्णय कुणीतरी घेऊन ठेवलेत. ते बदलले नाहीत तर चालीचा निम्माअधिक भाग त्या निर्णयांचा होतो. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं याच्या आधी हे चार निर्णय आपल्या हातात कसे घ्यायचे ते सांगतो. तुमचंच गाणं समोर ठेवतो.

आधी ताल, कारण तिथे उत्तर अगदी स्वच्छ आहे. तुमची ओळ भुजंगप्रयातात आहे. मनाचे श्लोक ज्या वृत्तात आहेत तेच. लगागा, लगागा, लगागा, लगागा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे एका गणाच्या पाच आणि ओळीच्या वीस. आता केरव्याच्या आठ मात्रा या विसांत मांडून पाहा. दोन आवर्तनांत सोळा जातात, चार उरतात. पहिली ओळ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सुरू झाली, की दुसरी केरव्याच्या बरोबर मधोमध, 'खाली'वर, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या मात्रेवर उठते. तुम्ही 'घसरते' म्हणालात ते हेच. तुमचा कान शाबूत आहे. तिसरी ओळ पुन्हा समेवर येईल आणि तुम्हाला वाटेल, आता कसं जमलं? जमलं नाही, चाळीस मात्रांनी केरवा फिरून जागेवर आला, एवढंच.

पाचापाचाच्या गणाला झपताल हवा. मात्रा दहा, विभाग २, ३, २, ३. पण इथेही एक गोम आहे. 'नदीच्या'चा 'न' समेवर टाकलात तर चाल लंगडेल, कारण लघू समेवर येतो आणि 'दी' दुसऱ्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या विभागात सांडतो. 'न' दहाव्या मात्रेवरून उचला. मग बघा काय होतं: 'दी' पहिल्या मात्रेवर, 'च्या' तिसऱ्यावर, 'कि' पाचव्यावर, 'ना' सहाव्यावर, 'री' आठव्यावर आणि 'उ' पुन्हा दहाव्यावर. विभाग जिथे सुरू होतात त्या १, ३, ६, ८ या चारही जागांवर गुरू अक्षरं. लघू दोन्ही पाचव्या आणि दहाव्या मात्रेवर, म्हणजे ठेक्यातल्या तिनाच्या गटाच्या शेवटच्या 'ना'वर. धीं ना, धीं धीं ना, तीं ना, धीं धीं ना. वृत्त आणि ताल एकाच साच्यातून काढल्यासारखे. एक ओळ, दोन आवर्तनं, शिल्लक शून्य.

पेटीवर एकटं बसून चाल करताना हे कळायला महिने लागतात. सॉफ्टवेअरचा पहिला खरा उपयोग मला इथे दिसतो. त्याच्या पियानो रोलमध्ये, म्हणजे आडव्या पट्ट्यांनी स्वर दाखवणाऱ्या त्या जाळीत, अक्षर कुठल्या मात्रेवर पडतं ते डोळ्यांना दिसतं. तालाच्या जागी ४/४ असेल तिथे १०/४ करा. काही जण ५/४ करतात, पण मग 'खाली' कुठे ते कळत नाही. दहाची पट्टी ठेवली की एक चौकट म्हणजे एक आवर्तन. चाल पहिल्या चौकटीच्या शेवटच्या मात्रेवरून सुरू करा, पहिल्या नऊ मात्रा मोकळ्या सोडा. सॉफ्टवेअर म्हणेल की गाणं उशिरा सुरू झालं. म्हणू दे.

लय १२०वर सोडू नका. घड्याळ लावून, पेटी न घेता, पूर्ण ओळ स्वाभाविक म्हणा. समजा बारा सेकंद लागले. वीस मात्रा बारा सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १००. तोच आकडा टाका. आणखी एक सांभाळा: सॉफ्टवेअर ज्याला 'बीट' म्हणतं ती आपली मात्रा असेलच असं नाही. तयार केरव्याच्या लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या ठेक्यावर, ९० लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात त्या एका बीटमध्ये दोन मात्रा बसवलेल्या असतात, म्हणजे आपल्या हिशेबाने लय १८०. 'लूप लावला की धावतो' ही तक्रार माझ्याकडे दर महिन्याला येते, तिचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

पण ही लयही सरळ रेघ नाही. मुखड्यावर परत येताना तुम्ही किंचित पुढे सरकत असाल, अंतऱ्याच्या वरच्या षड्जावर थोडं रेंगाळत असाल. अभंगात तर शेवटाकडे लय चढतेच. क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरची टिकटिक, लावून त्यावर गायलात की हे सगळं सपाट होतं. म्हणून मी उलट करतो. आधी तानपुरा कानात घेऊन, क्लिकशिवाय, चाल मोकळी गाऊन रेकॉर्ड करायची. मग प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण करून सॉफ्टवेअरला सांगायचं, की इथे इथे सम आहे, आता तू तुझी चौकट ओढून घे. याला टेम्पो मॅप म्हणतात आणि बऱ्याच चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. चार मिनिटांच्या गाण्याला तास-दीड तास जातो, काम कंटाळवाणं आहे. पण नंतर जे काही वाजेल ते तुमच्या मागून चालतं.

या बाबतीत मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो होतो. सुरुवातीच्या वर्षांत एका अभंगासाठी पखवाज रेकॉर्ड केला. वाजवणारे बुवा साठीचे, हात असा की ऐकत राहावं. ते गेल्यावर मी हौसेने सगळे ठोके 'क्वांटाइझ' केले, म्हणजे प्रत्येक ठोका उचलून नेमक्या मात्रेच्या रेघेवर नेऊन ठेवला. शंभर टक्के. आठवड्याने त्यांना ऐकवलं. दोन आवर्तनं ऐकून त्यांनी विचारलं, "हे कोण वाजवतंय?" मी म्हटलं, "तुम्हीच." ते हसले, चहा संपवला आणि म्हणाले, "मी नाही." मूळ रेकॉर्डिंग मी ठेवलेलं होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून क्वांटाइझ करायची वेळ आलीच तर जोर पन्नास टक्क्यांच्या वर नेत नाही, आणि माणसाने वाजवलेल्याला तर हातच लावत नाही.

आता कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन स्वर. चाल 'दुसऱ्याच कुणाची' का वाटते याचं उत्तर मोजून देता येतं. षड्ज पांढरी एक धरा. बटण दाबलं की सॉफ्टवेअर शुद्ध स्वरांच्या सप्तकातून नेहमीचे सहा कॉर्ड निवडतं: षड्जाचा सा ग प, ऋषभाचा रे म ध, गांधाराचा ग प नी, मध्यमाचा म ध सा, पंचमाचा प नी रे, धैवताचा ध सा ग. भूपात म आणि नी वर्ज्य. मग सहांतले किती उरले? पहिला आणि शेवटचा. बाकी चारांत म किंवा नी आहेच. तुम्ही गळ्याने सा रे ग प ध एवढंच गाताय आणि खाली वाद्यमेळ प्रत्येक आवर्तनात एकदा तरी मध्यम नाहीतर निषाद वाजवतोय. कानाला जे ऐकू येतं ती सगळ्यांची बेरीज असते. त्या बेरजेत भूप उरत नाही.

सुगम संगीतात रागाबाहेरचे कॉर्ड लावणं हे काही पाप नाही. आपल्या कित्येक आवडत्या गाण्यांत ते मुद्दाम लावलेले आहेत आणि शोभलेले आहेत. फक्त तो निर्णय बटणाने घेतलेला नसावा. तुमच्या चालीसाठी मी काय करीन ते सांगतो. मुखड्याला कॉर्ड नकोतच; तानपुरा आणि खर्जात सा-प ही जोडी पुरे. भरावच हवा असेल तर पंचमाच्या कॉर्डमधला नी काढून तिथे सा ठेवा, म्हणजे प सा रे. तसंच सा रे प आणि रे प ध. तिन्ही भूपाच्या घरातले. यातला रे प ध थोडा अधांतरी वाटतो, प्रश्न विचारल्यासारखा, आणि 'एकटी मी'च्या शेवटाला तो छान बसेल असा माझा अंदाज आहे. अंतऱ्यात एकदाच, ठरवून, मध्यमाचा कॉर्ड घ्यावासा वाटला तर घ्या. तेव्हा तो दचकवेल आणि तुम्हाला तेच हवं असेल.

स्वर लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोटाळा वेगळा, पण भानगड त्याच म आणि नीची. भूप गाताना तुम्ही पंचमावरून गांधारावर मींडेने येता आणि वरच्या षड्जावरून धैवतावरही. त्याशिवाय भूप भूप वाटत नाही. पंचमावरून गांधाराकडे घसरताना आवाज वाटेतल्या सगळ्या कंपनसंख्यांवरून जातो, त्यांत मध्यमाचीही जागा आली. आपला कान म्हणतो, ही एक मींड. यंत्राला बारा खणच माहीत. घसरण कुठल्या खणात किती मिलिसेकंद होती ते मोजून ते लिहितं: प, तीव्र म, शुद्ध म, ग. षड्ज-धैवताच्या मींडेत तसेच दोन्ही निषाद. जिना नसलेल्या घसरगुंडीला त्याने पायऱ्या पाडल्या. पियानो रोलवर या पायऱ्या अगदी आखूड, कडेला चिकटलेल्या चिटोऱ्यांसारख्या दिसतात. सरळ पुसा. उरलेला प लांबवून गापर्यंत आणा आणि घसरण 'पिच बेंड'ने काढा.

पिच बेंडबद्दल दोन ओळी, कारण इथे अनेक जण अडतात. की-बोर्ड आणि कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतात ती मिडी, १९८३ साली आली. ती भाषा सूर पाठवत नाही, सूचना पाठवते: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने, आता सोडली. पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७. म्हणजे ती जन्मानेच पेटीवाली आहे, गळेवाली नाही. मींडेसाठी वेगळी सूचना द्यावी लागते ती पिच बेंड, आणि ती सहसा दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली एवढीच जाते. प ते ग हे अंतर तीन अर्धस्वरांचं. म्हणजे न बदललेल्या मर्यादेत तुमची मींड गांधाराच्या अलीकडेच अडकून बसणार. वाद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा बारा करा. आणि त्या ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर ठेवा. दोन असतील तर दोन्ही एकदम वाकतात आणि ऐकणाऱ्याला भोवळ येते.

पेटीला मींड नाही हे भांडण आपल्याकडे जुनंच. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, आणि त्यामागे 'ठोकळ स्वरांचं वाद्य' हा एक आक्षेप होताच. आता तेच भांडण माउसच्या साहाय्याने नव्याने चाललंय. मी स्वतः हल्ली या वादात पडत नाही: मींड हवी असेल तिथे गातो किंवा व्हायोलिनवाल्याला बोलावतो. तासभर माउसने रेघा वाकवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

राहिला चौथा निर्णय, स्वरांची अंतरं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. सॉफ्टवेअरचा गांधार बरोबर ४०० वर. चौदा सेंट चढा. एरवी एखाद्याने कानाडोळा केला असता, पण भूपात गांधार वादी, म्हणजे मुख्य स्वर आहे. चाल पुन्हा पुन्हा त्याच्यावरच येऊन थांबते. तुम्ही तानपुऱ्याबरोबर गाणार, मागे सॉफ्टवेअरचं संतूर किंवा बासरी चौदा सेंट वर वाजणार, आणि तुम्हाला वाटणार की आज आपला गळा उतरतोय. गळा नाही उतरत. उपाय दोन. साधा उपाय असा, की तुमच्या गांधाराबरोबरच दुसरं वाद्य लांब गांधार धरून ठेवेल असं काही योजूच नका. त्या वेळी त्याला सा किंवा प द्या. दुसरा उपाय, स्वरांची अंतरं बदलता येतात असं वाद्य वापरा. सर्ज एक्सटी नावाचा एक सिंथेसायझर फुकट मिळतो, त्यात आपल्याला हवी तशी अंतरांची फाइल भरता येते.

याच ओघात पेटी तपासून घ्या. जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सूर मिळवण्याच्या ठरलेल्या मापाला असतातच असं नाही. तुम्ही काळी चारमध्ये गात असाल तर ती पट्टी दाबून फोनवरच्या ट्यूनरने बघा. पंधरा सेंट चढी निघाली तर सॉफ्टवेअरचं मूळ माप ४४० वरून ४४४ करा, पेटीवाल्याकडे नेईपर्यंत काम भागेल. नाहीतर प्रत्येक वाद्य आपापल्या गावचं आणि तुम्ही रोज वेगळ्या गोष्टीला दोष देत बसाल.

कोणतं सॉफ्टवेअर? हा प्रश्न लोकांना सगळ्यात मोठा वाटतो, मला सगळ्यात लहान. लॅपटॉप ॲपलचा असेल तर गॅरेजबँड त्यात फुकट आहे. विंडोज असेल तर रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतरचा परवानाही इतरांच्या मानाने स्वस्त आहे. टेम्पो मॅप, दहा मात्रांची चौकट, पिच बेंड, सगळं त्यात आहे. दिसायला रुक्ष आहे, पण जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मुलाने जे टाकून दिलंय त्यात ताल बदलता येत असेल तर तेच चालवा, नवीन काहीच घेऊ नका. पैसे खर्चायचेच असतील तर दोन इनपुटचं ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण), एक माइक आणि कान झाकणारा हेडफोन, या क्रमाने. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर सेटिंगमधला 'बफर' १०२४ असेल तो २५६ करा. १०२४ वर एका दिशेलाच सुमारे एकवीस मिलिसेकंद जातात, येता-जाता दुप्पट, आणि एवढ्यात गाणारा बावचळतो. २५६ वर पाच-सहा.

त्याआधी मात्र एक काम करा, त्याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. फोनमधल्या त्या दीडशे फायलींची नावं 'नवीन रेकॉर्डिंग ४७' अशी असणार. सगळ्या लॅपटॉपवर घ्या, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकीची एक ओळ करा: कवितेचे पहिले शब्द, कवी, पट्टी, राग असेल तर राग, ताल, वीस मात्रांना लागलेले सेकंद, तारीख. पंधरा दिवस जातील. पण दीडशे चाली समोर आल्या की आपल्या सवयी दिसतात. मी हे केलं तेव्हा माझ्या निम्म्या मुखड्यांची उचल पंचमावरून आणि पूर्णविराम गांधारावर निघाला. बरं वाटलं नाही, पण कळलं.

स्वरलेखनही मी स्प्रेडशीटमध्येच करतो. झपतालाला दहा रकाने, वर मात्रेचे आकडे, खाली स्वर, त्याखाली अक्षरं. पाश्चात्त्य पाच रेघांची सॉफ्टवेअर सुंदर छापतात, पण गाणारी मंडळी भातखंडे पद्धत वाचतात. कोमल स्वराखालची आडवी रेघ कशी काढायची असं विचारतात. देवनागरीच्या युनिकोडमध्ये वेदातल्या अनुदात्ताची खूण आहे, ती वापरा: ग॒, ध॒, नी॒. वैदिकांनी आपल्यासाठी अगदी सोय करून ठेवल्यासारखी.

आता एआय. यंत्राकडून संगीत करून घेण्याची हौस कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी इलिअ‍ॅक नावाच्या कॉम्प्युटरकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करून घेतली. पद्धत साधी होती: यंत्राने आंधळेपणाने स्वर काढायचे, नियमात न बसणारे फेकायचे, उरतील ते ठेवायचे. ही पद्धत आपल्या रागाला लावून बघा. सा रे ग प ध या पाच स्वरांबाहेरचं सगळं फेकायचं असा नियम दिला. यंत्र जे देईल तो भूप की देशकार? स्वर तेच पाच. भूपाचा जीव गांधारात, देशकाराचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, दुसरा सकाळी. रेंगाळायचं कुठे, कुठला स्वर नुसता शिवून सोडायचा, यावर सगळं ठरतं आणि ते स्वरांच्या यादीत मावत नाही.

आजचे एआय याच्या खूप पुढे गेलेत, हे मान्य. शब्द दिले की दोन मिनिटांत वाद्यमेळासह गाणं देतात आणि ते बेसूर नसतं. मी काही प्रयोग केले आहेत. मला दर वेळी जाणवलं ते असं, की चाल 'साधारण' असते, म्हणजे अशा शब्दांना लोक साधारणपणे जी लावतील ती. वृत्ताचे लघू-गुरू ते अनेकदा तोडतात. 'किनारी'चा 'कि' लांबवून 'कीनारी' करतात. एका गोष्टीसाठी मात्र मी त्याचा बिनदिक्कत उपयोग करतो: आपल्याला सुचलेली चाल इतरांनाही सहज सुचण्यासारखी आहे का, हे बघायला. त्याच शब्दांवर त्याच्याकडून चार चाली घ्यायच्या. माझ्यासारखीच निघाली तर मी माझी बाजूला ठेवतो.

हे एआय कुणाच्या गाण्यांवर शिकले, हा वाद वेगळाच. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या दोन सेवांवर अमेरिकेत खटले भरले. त्यामुळे ज्या गाण्यावर तुमचं नाव लावायचंय त्यात त्यांनी दिलेला तयार तुकडा घालू नका असंच मी सांगीन. जुन्या कॅसेटवरून गायकाचा आवाज आणि पेटी वेगळी करणारी एआय साधनं मात्र जरूर वापरा. घरात आजी-आत्याच्या आवाजातल्या ओव्या टेपवर असतील तर हे आजच करण्यासारखं काम आहे.

इतरांच्या कवितांना चाली लावता म्हणून एक सावधगिरी. आपल्या कायद्याने कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. संतांचे अभंग, बालकवी, केशवसुत मोकळे आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. घरी गायला कुणी अडवत नाही. चाल लावून प्रसिद्ध करताना पत्र लिहून परवानगी घ्या.

तर सुरुवात अशी करा. काळी चारचा तानपुरा, सा-प, भूपाला तेच. (पुढेमागे मालकंस घ्याल तेव्हा प्रोग्रॅममधला पंचम बदलून मध्यम करायला विसरू नका, मालकंसात पंचम नाही.) क्लिक नाही, ठेका नाही, दोन ओळी तीनदा गाऊन ठेवा. मग दहाची चौकट, 'न' दहाव्यावर.

आणि तुमच्या दुसऱ्या ओळीबद्दल. 'तुझी वाट पाहून डोळेच थकले'. पहिले तीन गण चोख आहेत, चौथ्यात 'च थकले' ही चार अक्षरं होतात, लगागाऐवजी लललगा. वृत्त काटेकोर पाहणारे हरकत घेतील. पण मात्रा पाचच आहेत, त्यामुळे ताल हलत नाही. वर सगळीकडे सहाव्या मात्रेवरचा गुरू दोन मात्रा लांबतो; फक्त इथे 'थ' सहाव्यावर आणि 'क' सातव्यावर असे दोन लघू सुटे पडतात, तेही झपतालाच्या खालीवर. शब्द बदलू नका. 'थ'ला प आणि 'क'ला ग देऊन बघा, मींड न घेता, दोन वेगवेगळे स्वर म्हणून, आणि 'ले' रेवर टेकवा. जमलं का ते रेकॉर्ड करून पाठवा, मग अंतऱ्याकडे वळू.